खिळ्यावरचा सेन्सर

३१ मे, शनिवार, सकाळी अकरा. हजर : प्राचार्य, निदेशक यास्मिन शेख, मोटार मेकॅनिकच्या वर्गातली सगळी मुलं, भांडारपाल म्हणून मी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आम्ही जमलो ते बिराजदार सर. गैरहजर कुणी नाही. सरांनी रडवलेली मुलंही झाडून आली होती. निरोप देण्यापेक्षा सर खरंच जाताहेत हे डोळ्यांनी पाहायचं असावं.

आमच्या वर्कशॉपच्या दारामागे एक खिळा आहे. त्यावर जळका ऑक्सिजन सेन्सर त्याच्याच वायरीने टांगलेला असायचा. गाडीचा दिवा पेटतो, स्कॅनर दाखवतो की मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. नवशिका लगेच म्हणतो, "सेन्सर बदलू." धुराच्या नळीत बसून उरलेला ऑक्सिजन मोजणारा तो सेन्सर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. एखादा रबरी पाइप निसटलेला किंवा चिरलेला असतो आणि तिथून चोरटी हवा इंजिनात शिरत असते. ती न शोधता जो सेन्सरवर बोट ठेवेल, त्याच्या गळ्यात सर खिळ्यावरचा सेन्सर घालत. नियम असा, की त्याने स्वतः दोष शोधायचा, स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचा आणि मगच सेन्सर काढून खिळ्याला लावायचा. तोवर त्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

उजनी धरणाच्या काठावरचा दत्ता तीनदा सेन्सर घालून फिरला. जेवायलाही तसाच बसला. सर त्याच्या ताटासमोर उभे राहून म्हणाले, "येनप्पा, काय रे दत्तोबा, कान न्हाईत तर गॅरेजात कशाला आलास? काठावर मासं धर की. मासं काय बोलत न्हाईत." मुलं हसली. न हसणाऱ्याचा नंबर पुढचा असायचा.

यास्मिन शिकत होती तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी. तिच्याही गळ्यात, ओढणीवरून, सेन्सर पडला होता. त्या दिवशी तिचे अब्बा तिला न्यायला आले आणि दारातच थबकले. सर त्यांना म्हणाले, "चाचा, पोरगी चांगली हाय. कान तेवढे घरी ठिवून येती." यास्मिन रडली नाही. वाकून शोधत राहिली आणि दोष सापडल्यावरच घरी गेली. आज ती त्याच वर्गाला शिकवते. "सर दगड आहेत, पण त्या दगडावरच धार लागली," असं ती म्हणते.

सरांचा कान खरोखर मोठा होता. हातभर काळी रबरी नळी एका टोकाने कानाला लावायची, दुसरं टोक इंजिनावरून फिरवायचं, आणि मनगट थांबलं की दोष तिथेच. संशयाच्या जागी स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का पाहायची साधी रीतही आहे. तिला सर 'आंधळ्याची काठी' म्हणत आणि डबा शिवू देत नसत. गेल्या वर्षभरात ते जास्तच कडू झाले होते. मुलाने उत्तर दिलं की ओरडत, "मोठ्यानं बोल! तोंडात सुपारी हाय का?" एकेकाला तेच उत्तर चार वेळा द्यायला लावत. आम्हाला वाटायचं, जाण्याआधी जहर ओकून घेताहेत.

पण जायचं त्यांना नव्हतं. त्यांची पत्नी, आमच्या बाई, वारल्यापासून घरी कुणी नाही. आदल्या आठवड्यात माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आर्जव केलं. "मॅडम, साहेबांना सांगा की. आणखी एक वर्ष ठिवा म्हणावं. घरी बसलो तर गंजून जाईन." मी सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "बघू. निरोपाच्या दिवशी ठरवतो."

जाणाऱ्या तुकडीची अंगणातल्या पांढऱ्या गाडीवर शेवटची परीक्षा घ्यायची, हा सरांचाच पायंडा. त्या दिवशी झेंडूचा हार घातल्यावर प्राचार्य हसून म्हणाले, "सर, आज तुमची परीक्षा. पास झालात तर जूनमध्ये परत या." दोष यास्मिनने करून ठेवला होता. माझ्या कानाशी ती म्हणाली, "मॅडम, मुद्दाम जाडा पाइप काढलाय. लांबूनसुद्धा ऐकू येतो. सरांना घाम फुटायला नको."

गाडी सुरू झाली. स्कॅनरने मिश्रण पातळ दाखवलं. आणि फुस्स असा आवाज आम्हा सगळ्यांना, पार भिंतीला टेकलेल्या मुलांनाही, ऐकू आला. सरांनी नळी उजव्या कानाला लावली. मग डाव्या. पुन्हा उजव्या. निसटलेल्या पाइपवरून नळी दोनदा गेली. मनगट थांबलं नाही.

यास्मिनने स्प्रेचा डबा हळूच पुढे सरकवला. "सर, घ्या की."

त्यांनी तो कोपराने ढकलला. हारातली फुलं गरम इंजिनावर गळत होती. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. सर ताठ झाले आणि म्हणाले, "सेन्सर गेलाय. बदला."

फुस्स चालूच होतं.

दत्ता दाराकडे गेला आणि खिळ्यावरचा सेन्सर घेऊन सरांसमोर उभा राहिला. साध्या आवाजात म्हणाला, "मान खाली घ्या, सर."

"काय?" सरांनी विचारलं.

"मान खाली घ्या."

"आँ?"

तेव्हा सगळ्यांना कळलं. दत्तालाही कळलं. त्याने एक श्वास घेतला आणि पोटातून ओरडला, "मान! खाली! घ्या! कान न्हाईत का?"

मुलं हसली. सरांनी शिकवलं होतं तशी, सगळी एकदम. यास्मिन "दत्ता, बस कर!" म्हणाली, पण ते हसण्यात बुडालं. सरांनी मान खाली घेतली. झेंडूवर सेन्सर पडला. प्राचार्यांनी बोनेट बंद करायला सांगितलं आणि चहाकडे वळले. जूनचा विषय कुणी काढला नाही. सर फाटकातून गेले ते सेन्सर गळ्यात घेऊनच.

मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. कडी वाजवली, हाका मारल्या. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, ती वळली नाही. आत भिंतीवर बाईंचा फोटो आहे. त्याच्या शेजारच्या खिळ्याला सेन्सर टांगलेला आहे.

नवी तुकडी आली. पांढरी गाडी शेडखाली धूळ खाते आहे. प्राचार्य रोज विचारतात, गाडी अडवून का ठेवलीय. यास्मिन सांगते, "नियम सरांचा आहे, साहेब," आणि कुणाला हात लावू देत नाही. काम एका मिनिटाचं आहे. पाइप बसवायचा राहिला आहे.