नहेम्याच्या पुढची पानं

वाल्बुर्गाने फादर किलियानच्या कोऱ्या बायबलातून तोबीतचा अख्खा ग्रंथ काढून चुलीत घातला, कारण ती मनातून लुथरवाल्यांना फितली होती, ही कुजबुज आमच्या आल्टनबाखमध्ये चाळीस वर्षं टिकली. ती टिकवण्यात माझाही हात आहे, नाकारत नाही.

गावात चर्च एकच. आठला आम्ही कॅथलिक, दहाला लुथरवाले प्रोटेस्टंट, आणि दारात एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय कुणी पुढे सरकत नसे. आमचा घंटा वाजवणारा वेंडेलिन ऐकवायचा, कुठला ग्रंथ आत आणि कुठला बाहेर हे आमच्या बिशपांनी परिषदांत बसून ठरवलं, आमच्या साधूंनी हजार वर्षं हाताने उतरवलं, आणि तुम्ही आयत्या घरात शिरून सात खोल्या, म्हणजे तोबीत धरून सात ग्रंथ, बंद केल्यात. त्यावर बेकरीवाली डोरोथे म्हणायची, "बंद कुठे, वेंडेलिनकाका? अंगणात काढल्या." तेही खरंच. जुन्या लुथरी बायबलांत ते ग्रंथ जुना करार संपून नवा सुरू होतो त्या मधल्या जागी वेगळे ठेवलेले असत. पुढच्या स्वस्त छपाईत तेही गेले.

वाल्बुर्गा बापाच्या हाताखाली पुस्तकं बांधायची. गॉटलोब घड्याळवाला, लुथरवाला. दोघांच्या बापांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, ते हे लग्न होऊ नये यावर. गॉटलोबने स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं आणि जाण्याआधी आपलं स्वस्तातलं बायबल बांधायला आणलं. बाप मागे खळ ढवळत होता, म्हणून तो हळूच बोलला.

"माझं बायबल अपुरं म्हणून चिडवतेस ना? मग पुरं कर. तोबीत घातलास तर तू माझ्याबरोबर येणार, असं समजेन. नसला तर पुन्हा विचारणार नाही."

तोबीतच का, ते आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. त्या ग्रंथात मुलगा दूरदेशी जातो, आई रोज रस्त्याकडे डोळे लावून बसते, आणि तो बायको घेऊन परततो.

त्या आठवड्यात वाल्बुर्गाच्या टेबलावर चर्चसाठी तीस बायबलांचे सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले पण न शिवलेले कागद, पडले होते. एकातून तिने तोबीतचे फर्मे उचलले. शेपटाला त्याच्या पुढच्या यूदीथ ग्रंथाचं एक पानही गेलं. कडा कापून सारख्या केल्या, दोरा ओवला. गॉटलोब पुस्तक घेऊन गेला तेव्हा बाप समोरच होता. ती नुसती हसली. असं हसताना तिला मी पुन्हा पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "पाहिलं. समजलो. सुखी राहा." पत्ता नव्हता. तिला वाटलं, होकार वाचून हा मागे फिरला. तरी संध्याकाळच्या गाडीच्या वेळी ती दुकानाच्या दारात उभी राहायची. आम्ही बायका म्हणायचो, हवा खातेय. फादरच्या प्रतीत तोबीत नाही हे उघडकीला आलं, चर्चचं काम शेजारच्या गावाला गेलं, तरी तिने तोंड उघडलं नाही. मागण्या आल्या, त्या परतवल्या.

पुढे केस पांढरे झाल्यावर गॉटलोबचा पुतण्या आला. मी तेव्हा तिच्याकडे कॉफी पीत बसले होते. काका वारले, म्हणाला. हे बायबल ते बांधणाऱ्या बाईकडेच द्या असं सांगून गेले. वाल्बुर्गाने ते हातात घेतलं, तर आपोआप एकाच जागी उघडलं. जुन्या आणि नव्या कराराच्या मधे शिवण पार सैल झाली होती, कडा बोटांनी मळल्या होत्या. मग तिने मागे पानं उलटली. जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथापुढे कोण कशाला जातं? तिथली पानं कुणी बोट न लावल्यासारखी करकरीत होती.

"अगं, हा अंगणात शोधत बसला," ती म्हणाली. "मी घरात ठेवला होता."

वाल्बुर्गाने तोबीत जाळला नव्हता. तो तिने गॉटलोबच्या बायबलात शिवला होता, नहेम्याच्या पुढे, कॅथलिक बायबलात तो असतो त्या जागी.