वाढत गेलेली तुळजा

दुबलगुंडीच्या काशाप्पानं उमेदीची वर्षं दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं रंगवण्यात घालवली. घरातली चित्रं तो काढायला लागला ते तुळजा गेल्यावर. एकुलती एक पोर, चौथीत असताना तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्या आईनं, अनसाबाईनं, अन्न टाकलं. एक दिवस काशाप्पानं उरलेल्या पत्र्यावर चुलीपुढं बसलेली अनसाबाई काढली आणि तिच्या मांडीला टेकून तुळजा बसवली. अनसाबाई बघत राहिली. त्या दुपारी ती चार घास जेवली.

मग तो काढतच गेला. शेळीला पाला घालणारी तुळजा, आईच्या डोक्याला तेल लावणारी तुळजा. तिच्या वर्गातल्या पोरी गावात उंच व्हायला लागल्या, तशी चित्रातली तुळजाही उंच झाली. अनसाबाईच सांगायची, "अवो, आता तिला फ्रॉक शोभत न्हाई. पंजाबी ड्रेस काढा." तो काढायचा.

यंदा कलबुर्गीच्या एका प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. एका चित्राखाली त्यानं लिहून दिलं होतं, 'माझी मुलगी तुळजा, ज्वारी पाखडताना.' नावाआधी कैलासवासी लिहायला त्याचा हात वळला नव्हता.

महिनाभरानं संतपूरचे श्रीपतराव बहिणीला, शोभाबाईंना, घेऊन दारात उभे राहिले. चित्र बघून पत्ता काढत आले होते.

"पोरगी मागायला आलाव, अण्णा," श्रीपतराव म्हणाले. "धाकट्या पोराचं औरादला दुकान हाय."

शोभाबाई हसल्या. "पोरीनं सूप कसं धरलंय ते बघूनच मी म्हणलं, ही कामाची हाय. आमची थोरली सून सूप धरती का मोबाईल, कळत न्हाई."

काशाप्पा तोंड उघडणार, तोच अनसाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. "बसा की," ती म्हणाली. आत जाऊन तिनं चुरमुऱ्याचा सुसला केला, बशा आणून ठेवल्या.

"शिकली किती?" शोभाबाईंनी विचारलं.

"बारावी. अजून शिकायचं म्हणती."

"सोभावानं?"

"हट्टी हाय जरा. बापानं लाडावलीय. पर मन लई मऊ हाय."

काशाप्पा बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत तिला असं भरभरून बोलताना त्यानं ऐकलं नव्हतं. तिला अडवायचं त्याच्या जिवावर आलं.

"मग बोलवा की तिला," शोभाबाई म्हणाल्या. "कुटं गेलीय?"

अनसाबाईचे ओठ हलले. मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमीच सांगा."

काशाप्पानं सांगितलं. शोभाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली आणि उठून अनसाबाईला जवळ घेतलं. श्रीपतराव पायानं चपला चाचपडत म्हणाले, "चुकलं आमचं, अण्णा." दोघं गेली.

बशा तशाच भरलेल्या होत्या.

"मी कामून बोलले हो तसं?" अनसाबाई म्हणाली. काशाप्पा बशा उचलायला लागला. मग तीच म्हणाली, "तिला परत बारकी करा. गेली तेवढीच करा. लोक मागणी घालायलेत आन आपल्या घरात पोरगी न्हाई."

काशाप्पानं पत्रा घेतला. दोन वेण्या काढल्या, फ्रॉक काढला. चेहरा काढला आणि तो थबकला. लहान मानेवर थोरल्या तुळजाचं तोंड आलं होतं. रॉकेलच्या चिंधीनं पुसून त्यानं पुन्हा काढला. पुन्हा तेच तोंड. शाळेतला एकच फोटो घरात होता. त्यात चेहरा नखाएवढा, डोळे मिटलेले.

"तिची हनुवटी कशी व्हती गं?" त्यानं विचारलं.

अनसाबाईनं डोळे मिटले. "टोकदार व्हती की," ती म्हणाली. मग मान हलवली. "न्हाई. ती तुमच्या चित्रातली."

तिनं डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठ्या घालून ती बसून राहिली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "काढू नका. आठवायलेय मी."

काशाप्पा ब्रश धरून थांबला. ब्रशवरचा रंग सुकत चालला होता.