दारात उतरलेले ओडिल दाजी

आमचे ओडिल दाजी बारा-तेरा वर्षं सायकलच्या शर्यती धावले आणि एकही जिंकले नाहीत. बेल्जियममधल्या आमच्या सायकलवेड्या फ्लँडर्समध्ये माणसाला नावं ठेवायला एवढं पुरे, आणि नावं ठेवण्यात माझे वडील सगळ्यांच्या पुढे. आमचा बिअरचा गुत्ता होता, त्यामुळे जावयाचा उद्धार ऐकायला गिऱ्हाईक आयतंच मिळे.

दाजी मूळचे धागा काढण्यासाठी नदीत जवसाच्या पेंढ्या भिजवणारे. पाण्यात पाय कुजायला लागले म्हणून सायकलवर बसलो, असं ते सांगत. टायर फुटलं तर स्वतःच शिवायचं, कुणी हात लावला तर शर्यतीतून बाद. दाजी शिवत बसत आणि पोरंसोरं पुढे निघून जात. घरी मात्र हसतच येत, आणि त्याचाच बाबांना जास्त राग.

१९१२ सालची कित्येक दिवसांची शर्यत त्यांची शेवटची. ती चालू असतानाच त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या रोमानीताईला, मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी शर्यत आमच्या दारावरून जाणार होती. रीत अशी, की एखाद्याचं गाव आलं की बाकीचे त्याला पुढे सोडतात. त्यानं घरच्यांना भेटावं आणि मागचे येईपर्यंत थांबावं.

दाजी एकटेच आले. वारा पाठीशी, पुढे सरळ रस्ता. आता कुणाच्या बापाला ते सापडले नसते. आयुष्यातला पहिला नंबर समोर होता आणि हा माणूस आमच्या दारात उतरला!

"उतरता काय, जावईबापू?" बाबा ओरडले. "पळा! पोरगी कुठं पळून चाललीय?"

"बाबा, त्यांनी मला पोरीला भेटायला सोडलंय."

"कोण विचारतंय नंतर?"

"उद्या दुसऱ्या कुणाला मूल होईल. त्याला मग कोण सोडेल?"

"आधी हात पुसा," ताई म्हणाली. दाजींनी ते मळक्या बंडीला पुसले, म्हणजे आणखी घाण केले, आणि पोरीला घेतलं. धुळीतून बाकीचे आले, तेव्हा दाजी त्यांच्याबरोबर निघाले. आले सहावे. बाबांनी अबोला धरला.

पुढच्या वर्षी दाजी शर्यतीत नव्हते. लेकीला कडेवर घेऊन दारात उभे होते. आमच्या गावचा एकही गडी त्या घोळक्यात नव्हता. तरी सगळा घोळका आमच्या दारात थांबला. आदल्या वर्षीचा विजेता सायकलवरून उतरला, टोपी काढून म्हणाला, "ओडिल, तुझी पोरगी बघू तरी."

बाबा आत गेले आणि बिअरची सगळ्यात मोठी सुरई घेऊन बाहेर आले. पहिला पेला त्यांनी जावयाच्या हातात दिला.