शिवेवरून परत गेलेलं रडणं

ज्योतीराम साधा माणूस. भामा नदीच्या काठाला थोडी जमीन, बैलांची एक जोडी, आणि कांदा भरून चाकणच्या बाजाराला जाणं, एवढंच त्याचं जग. बोलणं कमी. बैलांनाही तो हाक मारत नसे. जिभेनं टक् असा आवाज करायचा आणि बैल समजून पाय उचलायचे. बायको सोजराबाई मात्र बोलकी. ती विहिरीवर असली की बायकांना घरी जायला उशीर व्हायचा आणि घरी बोलणी बसायची, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या तिचीच वेळ गाठून यायच्या.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली. कुणी म्हणे बोटीतून आली, कुणी म्हणे पुण्याहून. घरोघर माणसं घोंगडी पांघरून कण्हत पडली. बहुतेक उठली. ज्योतीरामची इंदू उठली नाही. सहा-सात वर्षांची पोर. ताप छातीत उतरला आणि गेली.

गावानं तेव्हा शीव बांधली होती. म्हणजे वाटेवर लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण, खाली नारळ, आणि देवी शांत होईपर्यंत बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही. कांद्याच्या गाड्या मात्र चाकणला जात-येत होत्या. कांद्याला कुणी अडवलं नाही. मला आजही त्याचा राग येतो.

आमच्याकडं रडण्याची एक रीत आहे. लेकरू गेलं तर आई लगेच रडते, पण ते वरवरचं. खरं रडणं ती राखून ठेवते माहेरच्या माणसांसाठी. त्यांची गाडी शिवेवर आली की गाडीतल्या बायका तिथूनच हंबरडा फोडतात. इकडं लेक अंगणात धावते, आईच्या गळ्यात पडते, आणि गेलेल्याचे गुण आठवून आठवून आतलं सगळं बाहेर टाकते. मग तिच्या तोंडात बळंच भाकरीचा तुकडा घालतात आणि ती पुन्हा माणसांत येते.

सोजराबाईचं माहेर चऱ्होलीचं. तिची आई गवराबाई आणि भाऊ हिंदुराव गाडी जुंपून आले. शिवेवर त्यांना अडवलं. ते ऐकेनात, तेव्हा उद्धवराव पाटलांनी ज्योतीरामला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझे पाव्हणे हायेत. तूच सांग. आमी सांगून वाईट कशाला व्हायचं?"

ज्योतीराम तोरणाच्या अलीकडं उभा राहिला. म्हणाला, "मामी, माघारी जावा. गावाचा कायदा हाय."

गवराबाईनं गाडीत बसूनच हंबरडा फोडला. तो वावरं ओलांडून घरापर्यंत आला. सोजराबाई अंगणात धावली, उभी राहिली, वाट बघू लागली. हंबरडा बारीक होत होत चऱ्होलीच्या वाटेला लागला. ती तशीच उभी. त्या दिवसापासून ती बोलायची थांबली.

काम करायची, पण अर्धवट. पीठ मळून ठेवायची आणि चूल पेटवायचीच नाही. विहिरीवर जायची आणि रिकामी घागर घेऊन यायची. खायला घातलं तर घास तोंडात तसाच राहायचा.

साथ थोडी उतरल्यावर ज्योतीराम तिला घेऊन चाकणच्या दवाखान्यात गेला. रांग वडाच्या झाडापर्यंत. दुपारी नंबर लागला. कंपाउंडरनं तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप कुठाय?"

"ताप न्हाई. बोलत न्हाई ती."

"अहो, इथं माणसं तापानं मरतायत आणि तुम्ही न बोलणारी बायको घेऊन आलात? आमची बोलायची थांबली तर आम्ही पेढे वाटू!"

रांगेतली माणसं हसली. आतून डॉक्टर म्हणाले, "हे मनाचं दुखणं आहे. पुण्याला मोठ्या इस्पितळात दाखवा. पण आता नको, साथ ओसरू द्या. सगळ्या खाटा भरल्यात."

पुण्याचं इस्पितळ म्हणजे वेड्यांचं, हे ज्योतीरामला न सांगता कळलं. बायकोच्या नावाला तो शिक्का बसायला नको, म्हणून तो तिला घेऊन घरी आला. मग भगताकडं गेला. भगत म्हणाला, देवी अंगावर चालून आलीय. कोंबडं घेतलं, अंगारा दिला. अंगारा सोजराबाईनं हातात धरला आणि तसाच ओसरीवर सांडला.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नवीन झाला होता. ज्योतीरामनं सरळ विचार केला. गूळ हवा तर माणूस गुऱ्हाळावर जातो. औषध हवं तर जिथं ते तयार होतं तिथं जावं. बैल जुंपून तो पिंपरीला गेला आणि फाटकापुढं गाडी उभी केली.

पहारेकरी म्हातारा होता, मराठवाड्याकडचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्या सगळ्या दिवसांत शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच.

"दादा, हितं औषध बनतंय, पण फाटकावर मिळत नाही बघा. अन् ह्या दुखण्याचं औषध हितं बनतच नाही. बाईला माहेर हाय का?"

"हाय."

"मग आधी तिकडं जावा. काय सांगू, माझं पोर गेलं त्या वक्ताला मंडळीचं बी असंच झालं होतं."

ज्योतीराम तिथूनच चऱ्होलीला वळला. हिंदुराव दारातच बसला होता.

"या दाजी, या! शीव ओलांडून आलात? आमच्या गावानं अडवलं न्हाई व्हय?"

"हिंदुराव, पाया पडतो. मामीला पाठवा."

"तवा गाडीचं चाक चिखलात रुतलं, तर तुमच्या गावातला एक माणूस हात लावायला आला न्हाई. आता पाया पडताय! आमची मान्सं कांद्यापरास हलकी व्हय?"

आतून गवराबाई लुगडं सावरत बाहेर आली. "हिंद्या, तुजा मान तुज्यापाशी ठेव. माजी लेक हाय." आणि जावयाच्या गाडीत चढून बसली.

आमच्या शिवेवरचं तोरण एव्हाना काढलं होतं. शिवेवर आल्याबरोबर तिनं हंबरडा फोडला. रीतीप्रमाणं. बायका दारादारांत आल्या. गाडी अंगणात थांबली. गवराबाई उतरून लेकीच्या गळ्यात पडली, इंदूचं नाव घेऊन घेऊन रडली. सोजराबाई खांबासारखी उभी. म्हातारीचा आवाज हळूहळू बसला आणि ती हताश होऊन खाली बसली.

तेव्हा ज्योतीराम रडला. आमच्याकडं पुरुष असा रडत नाही. बैल जुवाखाली तसेच उभे, आणि हा जुवावर डोकं टेकून ओरडत होता. इतके दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं, की बाबा, पोर तुझीही होती.

सोजराबाईनं मान वळवली. घरात गेली, तांब्याभर पाणी आणलं, नवऱ्यापुढं धरलं.

"हळू रडा," ती म्हणाली. "इंदूचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

अंगणातल्या बायकांना फक्त तिचा आवाज ऐकू आला. "बोलली गं, सोजरा बोलली! आई आली आन् बरी झाली बघ!" उद्धवराव पाटील वाटेवरून म्हणाले, "सुटलास ज्योतीराम! देवी पावली." आणि आपला जीव हलका करून सगळे आपापल्या घरी गेले. मी म्हणतो, काय ऐकलं त्यांनी?

ज्योतीराम पाणी प्यायला. आवाज खाली घेतला. मग सासूला म्हणाला, "मामी, तिचं लुगडं बांधा. पुण्याला जायचं."

"पुण्याला? त्या येड्यांच्या दवाखान्यात? लोक काय म्हणतील, जावईबापू? आन् खाटा भरल्यात म्हणत हुता न्हवं तुमी?"

"असूंद्यात भरल्या. दारात बसतो."

गाडीवर चवाळं टाकून बायकोला झाकून न्यावं, असं सासू म्हणत होती. त्यानं चवाळं घेतलं नाही. सोजराबाईला पुढं आपल्याशेजारी बसवलं, आणि उजेडी, भर गावातून, पाटलाच्या दारावरून गाडी नेली.