भुरीचं पोट

आमच्या घरात किस्से आठवावे लागत नाहीत. भुरी रोज सकाळी एखादा ओटीवर टाकून जाते!

माहेरी मैत्रिणी विचारतात, "सासर कसं आहे गं?" मी मांजराबद्दल सांगायला लागते. त्यांना वाटतं, ही विषय टाळतेय. पण खरंच, शेणव्याच्या आमच्या घरात सासू, सासरे, नवरा आणि मी अशी चार माणसं आहोत, आणि घर चालतं ते भुरीच्या पोटावर.

भुरी राखाडी, हाडं दिसणारी. डोळे मात्र मोठ्या घरच्या बाईसारखे. खाल्लेलं तिला पचत नाही. उलटी नाहीतर जुलाब, पिल्लू होती तेव्हापासून. माझी हळद उतरायच्या आत सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, मला दाराशी ठेवलेलं राखेचं घमेलं दाखवलं. "दिसलं की राख टाकायची नि भरायचं, बाय." माहेरून मी कुंकवाचा करंडा घेऊन आले होते. सासरी घमेलं मिळालं.

*

लग्नाला थोडेच दिवस झाले होते. सकाळी न्हाणीपाशी उलटी दिसली. मी तोंडाला पदर लावून राख आणायला वळले, तर समोर आई! त्यांनी आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे. आणि माझ्या हातातली कळशी काढून घेतली.

दुपारी शेजारच्या काकू कैऱ्या घेऊन आल्या. संध्याकाळी दुसऱ्या घरून चिंचा. आता आमच्याकडे अशी बातमी पहिले तीन महिने तोंडानं बोलायची नसते, दृष्ट लागते. त्यामुळे मला कोणी विचारेना, आणि विचारलंच नाही तर मी सांगणार कशी? कैऱ्या खाल्ल्या.

चार दिवसांनी भुरीनं थेट आईंच्या पायावरच उलटी केली. आईंनी आधी मांजराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग त्या दिशी पण हीच का गो?"

मी मान डोलावली.

"नि कैऱ्या खाल्ल्यास त्या?"

"आवडतात," मी म्हटलं.

आई ओटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून त्या मला हाक मारताना 'सूनबाय' म्हणेनाशा झाल्या. नुसतं 'गो'!

*

ह्यांची नोकरी कल्याणला. रोज आसनगावहून लोकलनं जाऊन-येऊन. घरी आले की चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न, "आज स्लो का फास्ट?"

आई चुलीपुढूनच ओरडतात, "फास्ट! मधी कुठं थांबलीच नाय, थेट अंगणात!"

*

शेवटी आम्ही दोघं तिला करंडीत घालून शहापूरला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. सवयीनं विचारलं, "दूध किती देते?"

"देत नाय, पिते," हे म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं. "मग तोच रोग!"

चांगला माणूस. बैल तपासणाऱ्या हातांनी त्यांनी भुरीचं पोट इतकं अलगद दाबलं, की ती डोळे मिटून पडून राहिली. "जन्माचं दुखणं आहे, सांभाळावं लागेल," म्हणाले. दूध बंद, सुकट बंद, बोंबील बंद. नुसती पेज नि बिनमिठाचा उकडलेला मासा.

घरी सगळ्यांनी माना डोलवल्या. आठवड्याच्या आत मला चुलीमागे दुधानं ओली नारळाची नरोटी सापडली, आणि ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत वड्याचा कागद, चाटून स्वच्छ केलेला! मी म्हणाल तर बिस्किटाच्या पलीकडे कधी गेले नाही.

*

सासरे म्हणजे दादा. कमी बोलतात. भुरीला 'ती ब्याद' म्हणतात, मला काहीच म्हणत नाहीत. पानात आणि कपात काही टाकायचं नाही, हा त्यांचा नियम.

डोळखांबकडून रानभाज्या विकायला येणाऱ्या ताईनं आईंना जुलाबावर कुड्याची साल दिली. आईंनी तिचा काढा केला आणि भुरीसाठी कपात निवत ठेवला. दादा आले, कप उचलला. "चहाला काय झालाय आज?" म्हणाले, आणि नियमाप्रमाणे शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले!

पुढचे तीन दिवस दादा परसाकडे जायचे आणि तसेच परत यायचे. आई माझ्या कानात म्हणाल्या, "औषध लागू हाय गो. जनावर चुकला."

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण वैशाखात भुरीनं दादांच्या बियाण्यावर घाण केली.

बियाण्याचं भात दादा स्वतः लोंबी लोंबी निवडून ठेवतात. ते अंगणात ऊन खात होतं, आणि भुरी मधोमध बसली. दादा ओरडले नाहीत. ओलं झालेलं तेवढं भात पसा पसा करून बाजूला काढलं, आणि खुंटीवरचं पोतं घेतलं.

"मुरबाडला बहिणीकडे उंदीर झालेत," एवढंच म्हणाले.

आई आत गेल्या. हे कामावर होते. मी दारात उभी होते. मला 'नको' म्हणायचं होतं, पण दादांशी मी तोवर एक वाक्यही बोलले नव्हते. पोत्यातून भुरीनं आवाजही केला नाही. एस्टी आली आणि दोघं गेली.

मग घर कसं झालं सांगू? स्वच्छ! ओटी कोरडी, अंगण कोरडं. हे आले की चप्पल काढून सरळ आत जायचे. आईंनी राखेचं घमेलं परसात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर परत दाराशी.

*

एका सकाळी हे नेहमीसारखे कामावर गेले. दादा 'बांध बघून येतो' म्हणून बाहेर पडले. आई मला म्हणाल्या, "चल गो, मुरबाडला जरा सुकट बघू." शेणव्यात सुकट मिळते. मी पदर खोचला आणि निघाले.

मुरबाडला दादांच्या बहिणीच्या, आत्यांच्या दारात ह्यांच्या चपला! हे आत, हातात बिस्किटाचा पुडा. "कल्याणला आज टाइमच जुळला नाय," म्हणाले. आईंच्या कमरेला दुधाची बाटली होती, त्या काय बोलणार?

आत्यांनी नुसतं मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. तिथं दादा उकिडवे बसले होते. समोर पेजेची वाटी. बोटानं पेज भुरीच्या तोंडाला लावत होते आणि ती चाटत होती.

दादांनी आम्हाला बघितलं. "तुमी सगली हितं? मंग घराला कोण?"

आत्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्याकडे धड ऱ्हाते ही. तुमच्यातला एक येऊन गेला का दुसऱ्या दिशी बिघडते! दादाच तेवढा पेज घेऊन येतो. आज चौघं आलाव, आता न्या बाबा हिला. माझ्यानं नाय होयाचा!"

*

परतीची एस्टी बाजारच्या माणसांनी गच्च भरलेली. आई आणि हे मागे कुठंतरी चेपले गेले. मी आणि दादा दारापाशी उभे. दादांनी पोतं छातीशी धरलेलं. खड्डा आला की पोत्यातून बारीक आवाज यायचा आणि दादांचा हात पोत्यावरून फिरायचा.

एक मोठा खड्डा आला. सगळी गाडी उडाली. आणि जन्मात कधी आवाज न चढवणारे दादा ड्रायव्हरवर ओरडले,

"हळू ने रे गाडी! आमच्या पोरीला सोसाचा नाय!"

गाडीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्या सीटवरची म्हातारी उठली. "बस गो बाय," म्हणाली. दुसरं काही विचारलं नाही.

मीही काही सांगितलं नाही. बसले. दादांनी पोतं अलगद माझ्या मांडीवर ठेवलं.