कमिटीने हलवलेला पाळणा

व्यापार-उद्योगांवर नजर ठेवणारी कायदे कौन्सिलाची कमिटी कलकत्त्याहून निघाली, ही बातमी परळच्या आमच्या गिरणीत आली आणि भिंतींना चुना लागला. मी तिथे कारकून होतो, आणि इंग्रजी बरं म्हणून दुभाषीही. संध्याकाळी मात्र गिरगावातल्या हौशी नाटक मंडळीत मिशा काढून राण्या करायचो. मिशा वाढल्या की राक्षस. मॅनेजरसाहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गिरणी सजवायची आहे. तुला नाटकाची समज आहे."

समज! मी तर आनंदाने तरंगतच बाहेर आलो. एवढी मोठी रंगभूमी कोणाच्या बापाला मिळाली होती? खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या उघडवल्या, पाण्याच्या पिंपांना झाकणं बसवली. "काम कसं आहे?" या प्रश्नाला "बरं आहे, साहेब" हे उत्तर विणकरांकडून इतकं घोटून घेतलं की एकाच्या बायकोची तक्रार आली, हा झोपेतही तेच बरळतो म्हणून.

सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या खात्याशेजारी एक अडगळीची खोली होती. तिला 'बाळांची खोली' ठरवलं. आमच्या मंडळीचा कृष्णजन्माचा पाळणा, लाकडी मोरांसकट, मी स्वतः तिथे टांगला. मॅनेजरसाहेब खूश. हुकूम एकच दिला: त्या दिवशी एकही मूल फाटकाच्या आत दिसता कामा नये. मुलं रडतात, कमिटीला त्रास होतो. जी आणील तिचं नाव कमी.

तशी एरवीही मुलं येत नसतच. आया त्यांना अफूची गोळी चाटवून चाळीत झोपवून येत. पण त्या खात्यात मालवणकडची एक तरणी पोर होती. तिचं बाळ आदल्या आठवड्यात गोळी घेऊन निजलं ते दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तरी डोळे उघडेना. उघडले एकदाचे, पण त्या दिवसापासून तिने गोळी सोडली. घरी सांभाळायला कोणी नाही. म्हणून नेमकी कमिटीच्या दिवशी ती बाळाला टोपलीत घालून, वर सुताचा कचरा पसरून आत घेऊन आली.

मला हे कळलं, कारण टोपली शिंकली.

"मी शिंकलंय," खात्याची मुकादमीण म्हणाली. तिला सगळे मावशी म्हणत.

"मावशी, तुमचं नाक टोपलीत कधी गेलं?"

"गप ऱ्हव रे नाटक्या! पोरीची भाकरी जायत."

मी टोपलीवर आणखी मूठभर कचरा पसरला. तेवढ्यात कमिटी आली. तिच्यात एक तागाचा व्यापारी, एक निळीचा मळेवाला आणि एक संस्थानिक होते. व्यापारावर नजर ठेवायला व्यापारीच नेमले होते, म्हणजे नजर कुठून चुकवायची हे तरी त्यांना माहीत. अध्यक्ष एक पांढऱ्या कल्ल्यांचे निवृत्त साहेब. त्यांनी एका विणकराला विचारलं, "तुला मुलं किती?" मी मराठी करण्याआधीच तो गरजला, "बरं आहे, साहेब!" अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

मग बाळांची खोली. अध्यक्ष पाळण्यावरचे मोर बघून हरखले आणि काठीच्या टोकाने त्यांनी पाळण्याला झोका दिला.

दारातल्या बायका एकदम किंचाळल्या. मावशी पुढे धावली. "अरे, रिकामो पाळणो हलवता मेलो! थांबव त्येका कोणीतरी!"

"बाई काय म्हणते?" अध्यक्षांनी मला विचारलं.

नाटकात असा क्षण येतो की पडद्यामागून कोणी शब्द सुचवत नाही आणि बोलायचं तर आपल्यालाच असतं. मी हात जोडले. "साहेब, रिकामा पाळणा हलवणं आमच्यात फार अशुभ. ज्याने हलवला त्याने आपल्या हाताने त्यात मूल ठेवलं तर दोष जातो. आणि मोठ्या माणसाने असं मूल ठेवलं की तो पाळणा त्या जागेवरून कोणी काढायचा नसतो." पहिलं वाक्य आपल्या आज्यांचं, पुढची दोन माझी.

"मग मूल आणा!" अध्यक्ष म्हणाले.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा भिंतीच्या चुन्यात मिसळून गेला. ती पोर टोपलीजवळ खिळली होती. मी जवळ गेलो तशी हळूच म्हणाली, "दादा, नाव कापतील ना माझं?"

"खुद्द कमिटीने मागितलंय, बाई. आता कापायची छाती कोणाची आहे?"

तिने सुताचा कचरा बाजूला केला आणि बाळाला उचललं. अध्यक्षांनी ते दोन्ही हातांत घेतलं. त्याने लगेच त्यांचे कल्ले धरले. व्यापारी हसले, संस्थानिक जागे झाले. कमिटीच्या अहवालात पुढे गिरण्यांच्या हालाविषयी अवाक्षर आलं नाही. पाळण्याचं मात्र तोंड भरून कौतुक आलं, आणि पुन्हा येऊ तेव्हा ते बाळ पाहू असंही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी पाळणा उतरवायला हमाल धाडले. मावशी दारात उभी. "रिकामो असात तेव्हा येवा," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तो कधीच रिकामा नसे. खात्यातल्या इतर बायकाही आपापली पोरं आणू लागल्या.

गोकुळाष्टमीला आमच्या मंडळींनी पाळण्यावाचून प्रयोग केला आणि मला लाखोली वाहिली. मी म्हटलं, "वसुदेवाने सुपातूनच नेला की!" त्या रात्री मी कंस होतो. माझी गर्जना सुरू झाली आणि पुढच्या रांगेत, आईच्या मांडीवर, टोपलीतल्या त्या पोराने असा टाहो फोडला की माझं अख्खं भाषण वाहून गेलं. इतका टक्क जागा प्रेक्षक मला पुन्हा कधी लाभला नाही.