सुरियानीने माझं तोंड उघडलं

आमची सून पेइ शान मनाने वाईट नाही, पण शिकल्यासवरल्या माणसाने काही सांगितलं की तिला ते ब्रह्मवाक्य. तिचा आ-हेंग तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "घरात भाषांचा गोंधळ आहे, फक्त इंग्रजी बोला." झालं! आमची चिनी बोली, होक्कियन, बंद. मला दुसरं येतं काय? बाजारापुरतं मलय. म्हणजे बंद झाले ती मीच. नातू दिवसभर माझ्यापाशी आणि मी त्याला मुक्याने पेज भरवायची. असा जीव तुटायचा!

वर्ष गेलं, पोर तसंच. मग बालवाडीनेच सांगितलं, त्याचं बोलणं तपासून आणा. पेइ शानने आठवडाभर त्याच्याकडून फळं, रंग घोकून घेतले आणि मला मोडक्या मलयमध्ये बजावलं, "आई, तिथे तुम्ही गप्प बसा हं."

सरकारी दवाखान्यातली ती खोली म्हणजे नुसती खेळणी. मुलांचं बोलणं तपासणारी सुरियानी जमिनीवर फतकल मारून बसलेली. मलय पोरगी, डोक्याला रुमाल, अंगाने गुटगुटीत. आदल्या दिवशी कुणा पोराने तिच्या बोटाला चावा घेतला होता, तो दाखवून स्वतःच हसत होती. मला बघताच होक्कियनमध्ये आजी म्हणून हाक मारली, "आ-मा, जेवलात का?"

मी उडालेच! मग कळलं, तिच्या आईचा आयर इतामच्या बाजारात नासी लमाकचा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताचा ठेला, आजूबाजूला सगळे आमचे मासळीवाले. आमच्या भाषेत भांडतच वाढलेली पोर ती.

तिने आधी कान तपासून घेतले. "ऐकूच येत नसेल तर बोलेल कसा?" कान ठणठणीत निघाले. मग मलाही कळावं म्हणून होक्कियनमध्येच पेइ शानला प्रश्न. बाळंतपण कसं झालं, चालला कधी, खाताना ठसका लागतो का, काही हवं असलं की कसं मागतो.

"दिवसभर कोणाजवळ असतो?"

"सासूबाईंजवळ."

"त्या कुठल्या भाषेत बोलतात त्याच्याशी?"

पेइ शान खाली बघायला लागली. सुरियानीने तिला टोचून विचारलं नाही, हे मला फार आवडलं.

मग तिने चित्रं दाखवली. आ-हेंग ढिम्म. पेइ शान मागून कुजबुजतेय, "ॲपल! सांग ना, ॲपल!"

"अहो, ही परीक्षा नाही," सुरियानी म्हणाली. "इथे कुणी नापास होत नाही. आ-मा, तुम्ही खेळा बरं त्याच्याशी. तुमच्या भाषेत."

मी सुनेकडे बघितलं. तिने मानेनेच हो म्हटलं. मी म्हटलं, "आ-हेंग, बाहुलीला भूक लागलीय रे. पेज गरम आहे, जपून दे."

पोराने ढिगातून वाटी शोधली, फुंकर मारली आणि बाहुलीला भरवलं! सांगितलं ते सगळं केलं, चमचा बाहुलीच्या पलंगाखाली लपवला, मोठा चेंडू सोडून छोटा आणला. सुरियानी भराभरा लिहून घेत होती. मग तिने बॅटरीने त्याचं तोंड बघितलं, त्याच्याबरोबर साबणाचे फुगे उडवले.

शेवटी तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. "समज वयाला साजेशी आहे. बोलणं मागे आहे, ते खरं. का, ते एका भेटीत सांगणार नाही. दर आठवड्याला आणा, वेळ लागेल. पण दोन भाषांनी कुठलंच मूल मुकं होत नाही. तुमची ती भाषा आधी घरात परत आणा."

"म्हणजे माझ्यामुळे..." पेइ शानला रडू फुटलं.

"तुमच्यामुळे नाही. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. मायेपोटी केलंत तुम्ही."

पेइ शान डोळे पुसत माझ्याकडे वळली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी होक्कियनमध्ये बोलली. "आई, बोला हो त्याच्याशी. हवं तेवढं बोला."

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना! वर्षभराचं साठलेलं, सुरू कुठून करू? नातू समोर, सून समोर, आणि मी नुसती हुंदके देतेय.

सुरियानीने रुमाल पुढे केला आणि डोळे वटारले. "काय हो आ-मा, आता दर आठवड्याला तुम्हालाही आणायचं का?"

आम्ही तिघी रडता रडता हसलो. मग जी मी सुरू झाले, ती बसमधून उतरेपर्यंत थांबले नाही.